गुंफामावशीचं उपडं टोपलं

गुंफामावशीचं कुठलीही गोष्ट नुसती डोळ्यांनी पाहून समाधान होत नसे. तिला ती अंगठ्याने दाबून पाहावी लागे. कोहळं असो, टमाटा असो, एस.टी.च्या सीटचं फाटकं रेक्झिन असो, नाहीतर शेजारी बसलेल्या बाईचा पाय असो, आधी मावशीचा उजवा अंगठा पुढे जायचा आणि मग मावशीचं मत. अंगठाही तसाच होता. भाज्या खुडून आणि जुड्या बांधून त्याचं नख कायमचं हिरवट-काळं पडलेलं आणि पेर चपटं झालेलं. त्या अंगठ्याशी माझी ओळख झाली तेव्हा मला सहावा महिना लागला होता आणि माझ्या पायांची ओळख मलाच पटेनाशी झाली होती.

मी तेव्हा अकोटहून अकोल्याला रोज अप-डाऊन करत होते. नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून आलेल्या कागदाला नंबर टाकायचा आणि गेलेल्या कागदाला नंबर टाकायचा. त्यात एप्रिल महिना, आणि तोही अकोल्याचा. कूलर होता, पण तो साहेबांकडे तोंड करून बसलेला. संध्याकाळी टेबलाखाली चपला शोधाव्यात, तर सकाळी सैल होणाऱ्या त्याच चपला पायात शिरायला नकार द्यायच्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की रक्तदाब ठीक आहे, एवढी सूज पुष्कळ जणींना येते, पाय खाली लोंबकळत ठेवू नका, वर घेऊन बसत जा. आता वर म्हणजे कुठे, हे काही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं.

रजा घ्यावी, असं सगळे म्हणत. मला मात्र रजेचा एकही दिवस आधी मोडायचा नव्हता. जितकी रजा आधी जाईल तितके बाळाच्या वाट्याचे दिवस कमी होतील, हा हिशोब माझ्या डोक्यात पक्का बसला होता. शेवटच्या आठवड्यापर्यंत अप-डाऊन करायचं, असं मी ठरवलं होतं आणि माझे पाय त्याला तयार नव्हते. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

अशाच एका संध्याकाळी सहाच्या अकोट गाडीत माझ्या शेजारी एक साठीची, काटक बाई येऊन बसली. हातात बांबूचं मोठं टोपलं, डोक्यावर फडक्याची चुंबळ तशीच राहिलेली. टोपलं खाली ठेवलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि ओळख ना पाळख, वाकून माझ्या घोट्याच्या वर अंगठा रुतवला.

"लाभ," ती म्हणाली. मी दचकून पाय ओढणार तेवढ्यात तिने तो धरून ठेवला. "दोन. तीन. चार. हां, भरला."

बाजारात माप मोजताना जुनी माणसं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण ही बाई माझ्या पायात काय मोजत होती ते मला कळेना.

"काय भरला?" मी विचारलं.

"खड्डा. सुजलेल्या पायाले दाबलं का खड्डा पडते. तो भरून याले किती वेळ लागते ते मोजून राहिली. तुया चारवर भरला. चार चालते."

"आणि पाच?"

"पाचले घरी जाऊन डाव्या कुशीवर निजाचं."

"सहा?"

"सहाचं सहाले पाहू. आतापासून कावून इचारते?"

एवढं बोलून तिने पायाशी असलेलं रिकामं टोपलं उपडं केलं, डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्यावर ठेवली आणि मला हुकूम सोडला, "ठेव पाय."

मी म्हटलं, "अहो मावशी, भाजीचं टोपलं आहे ते. त्याला पाय कसे लावू?"

"उपडं केल्यावर ते टोपलं राह्यते का? पाट झाला तो. अन् दोन जिवाच्या बाईचे पाय लागले तं टोपल्याले बरकत येते. ठेव. लाजून सूज उतरत नाई."

मी पाय ठेवले. टाचा चुंबळीत अशा बसल्या, जणू ती माझ्याच मापाने वळली होती. पूर्णेचा पूल येईपर्यंत पायातली ठणक निम्मी झाली होती, आणि चोहोट्टा गावाच्या अलीकडे, तिच्या गावाच्या फाट्यावर ती टोपलं उचलून उतरली तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. ते तिच्या जाण्याचं होतं की टोपल्याच्या, हे सांगता येणार नाही.

गुंफामावशीचं घर माळ्यांचं. रोज सकाळी भाजीचं टोपलं भरून अकोल्याला न्यायचं आणि संध्याकाळी याच गाडीने परत यायचं, हा तिचा तीस वर्षांचा नेम होता. मला वाटलं, चला, आता रोज संध्याकाळी पायांची सोय झाली. पण दुसऱ्या दिवशी मावशी गाडीत चढली ती रिकामं टोपलं घेऊन नव्हे. टोपल्यात तिसरा हिस्सा ढेमसं शिल्लक होतं.

ज्यांनी ढेमसं खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरव्या टमाट्याएवढी ही गोल भाजी आमच्याकडे उन्हाळ्यात येते आणि चवीच्या बाबतीत ती कोणतीही भूमिका घेत नाही. आजारी माणसाला देतात, त्याचंही कारण तेच असावं. बाजारात शेवटी उरतं ते ढेमसंच. मावशीने टोपल्यात पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि दांड्याला धरून गाडीत उभी राहिली.

"ऐका हो! या मॅडमचे पाय सुजले हाय. टोपल्यात ढेमसं हाय. ढेमसं गेल्याबिगर टोपलं उपडं होत नाई, अन् टोपलं उपडं झाल्याबिगर मॅडमचे पाय उतरत नाई. आता तुमीच ठरवा!"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सहाच्या गाडीत सगळे रोजचे अप-डाऊनवाले. बँकेतले, शाळेतले, कोर्टातले. वर्षभर एकमेकांना मानेनेच नमस्कार करणारी माणसं. सगळ्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग ढेमसं पाहिलं. त्यातल्या त्यात पुढच्या सीटवर बसलेले तायडे सर अडचणीत सापडले. ते अकोल्यात गणित शिकवत आणि ढेमशाचा मनापासून द्वेष करत.

"सर, तुमाले अर्धा किलो देऊ का किलो?" मावशीने विचारलं. घेणार का, हा प्रश्नच तिने ठेवला नव्हता.

"माझ्या घरी कोणी खात नाही हो, मावशी."

"मंग तुमी खा. मास्तर मानसाच्या पोटात थंडक पाह्यजेच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि डब्याची पिशवी पुढे केली. बायपासपर्यंत टोपलं उपडं झालं.

आठवडाभरात याची रीत पडली. गाडी स्टँडबाहेर पडली की तिकिटं फाडायच्या आधी कंडक्टरभाऊ विचारायचे, "मावशी, काय उरलं?" मग तायडे सर उरलेला माल आणि उपलब्ध माणसं यांचा भागाकार करून प्रत्येकाचा वाटा जाहीर करत. बाकी उरली तर ती स्वतः कंडक्टरभाऊ घेत. टोपलं उपडं व्हायचं, चुंबळ बसायची, माझे पाय वर जायचे, आणि मावशी अंगठा रुतवून मोजायला लागायची. हळूहळू मोजणीही सार्वजनिक झाली. मावशीने "लाभ" म्हटलं की मागच्या बाकावरून "दोन" यायचं, "तीन"ला निम्मी गाडी असायची. चारला भरला की कंडक्टरभाऊ समाधानाने दोन घंट्या मारत. माझ्या नवऱ्यालाही माझ्या पायांची एवढी माहिती नव्हती, जेवढी त्या गाडीला होती.

महिनाभराने मला एक शंका आली. भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं दुपारीच संपलेलं असायचं आणि टोपल्यात उरायचं फक्त ढेमसं. तेही पूर्वीपेक्षा जास्त. मी मावशीला विचारलंच, "मावशी, तुम्ही मुद्दाम ढेमसं जास्त आणता का?"

"मुद्दाम आनतो ना," मावशी बिनदिक्कत म्हणाली. "खोटं कावून बोलू? तुये पाय सुजून राहिले तोवर मायं ढेमसं वाया जात नाई. मायं संपते, तुयं उतरते. यात कोनाचं नुकसान हाय?"

"तायडे सरांचं."

"त्याईची तब्येत पाह्य कशी सुधरली!" आणि खरंच, तायडे सरांचं जुनं पित्त त्या उन्हाळ्यात गेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही, एवढंच.

टोपल्यासोबत मावशीच्या सूचनाही असत. एका फाट्यापासून दुसऱ्या फाट्यापर्यंत पंजे गोल फिरवायचे. पायावर पाय टाकून बसायचं नाही. कार्यालयात तासाभराने उठून आवक टेबलापासून जावक टेबलापर्यंत चालून यायचं. आणि पाणी प्यायचं. पाण्यावरून मात्र आमच्या घरात वाद पेटला. माझ्या सासूबाई जिवाभावाने सांगत की सूज म्हणजे पाणीच, तेव्हा पाणी बंद केलं की सूज बंद. त्या माझा तांब्या लपवून ठेवू लागल्या. मी गाडीत हे सांगितलं तेव्हा मावशी जोरात हसली.

"नळ हाय का तो, वरून बंद केला तं खाली बंद? उलट उन्हात पानी नाई पेली तं सुकून जाशीन. तुया सासूले म्हन, डाक्टरनीले इचार."

डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, त्यांनी मावशीचीच री ओढली. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तांब्या आपोआप ओट्यावर परतला.

पण खरा प्रसंग जोडव्यांचा. सातव्या महिन्यात पायांची बोटं एवढी फुगली की चांदीची जोडवी मांसात रुतली. बोटं काळी-निळी दिसायला लागली. सवाष्णीने जोडवी काढायची नाहीत, असं घरात पक्कं. मीही शिकलेली-सवरलेली बाई, पण मलाही ती काढायचा धीर होईना, आणि आता निघतही नव्हती. मावशीने बोटं पाहिली आणि टोपल्याच्या तळातून मेथीच्या जुडीचा दोरा शोधला. त्याचं टोक जोडव्याखालून सरकवलं, बोटाला गच्च वेढे दिले आणि दुसऱ्या बाजूने उलगडत आणलं. दोरा उलगडत गेला तसं जोडवं सरकत बाहेर आलं. गाडी खड्ड्यातून जात होती, मी ओरडत होते, कंडक्टरभाऊ "हळू घ्या हो!" म्हणून ड्रायव्हरला विनवत होते. चारी जोडवी निघाली तेव्हा बोटांत जीव आल्यासारखं वाटलं.

"आता घरी काय सांगू?" मी घाबरून विचारलं.

मावशीने त्याच दोऱ्यात चारी जोडवी ओवली आणि माझ्या मंगळसूत्राला बांधून दिली. "पायात नाई तं गळ्यात. आंगावर हाय ना? मंग झालं. सासू बोलली तं सांगजो, चांदी वर चढली, मान वाढला."

सासूबाईंनी माझा गळा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ही तुमची गाडीतली मावशी राहते कुठे?" पुढे पुढे मी घरी आले की त्या आधी चहा देत आणि मग सहज आवाजात विचारत, "आज किती भरलं?" आमच्याकडेही रोज ढेमसं येत होतं. त्याचे सात प्रकार करायला त्या तोवर शिकल्या होत्या.

जून लागला. पाऊस नाही, नुसती उकाड्याची भट्टी. मला आठवा महिना संपत आला होता आणि मी अजून एकही रजा मोडली नव्हती, याचा मला भलताच अभिमान होता. त्या दिवशी दुपारपासून डोकं ठणकत होतं. उन्हाने असेल, असं मी म्हटलं. कागदांवरचे नंबर मधेच अंधुक व्हायचे, तेव्हा चष्मा बदलायला झाला असेल, असं म्हटलं. संध्याकाळी गाडीत बसले. मावशी आली, टोपल्यात अर्ध्याच्या वर ढेमसं. गाडी सुटली. मावशी नेहमीप्रमाणे वाकली, अंगठा माझ्या पायाकडे निघाला, आणि मधेच थांबला.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"तुये डोये कावून असे दिसून राहिले?" तिने माझा हात ओढून घेतला, हाताच्या पाठीवर दाबलं, मग बांगड्या फिरवून पाहिल्या. काल फिरणाऱ्या बांगड्या फिरेनात. "डोकं दुखते का?"

"दुपारपासून."

"डोयापुढं चमकते?"

"थोडंसं. उन्हामुळे असेल, मावशी."

ती मोजायला लागली नाही. गाडी "लाभ"ची वाट पाहत होती, आणि ती मोजेचना. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. ती उठून उभी राहिली. "कंडक्टर, घंटी मार! गाडी थांबव!"

"मावशी, इथं थांबा नाही हो."

"हिले दवाखान्यात न्या लागते. आता. या मिनिटाले."

मी म्हटलं, घरी जाऊन पडते, उद्या सकाळी दाखवते, आज घरी वाट पाहतील. मावशीने माझा दंड एवढा घट्ट धरला की तिचं नख रुतलं. "आज नाई दाखोलं तं उद्या कोनाले दाखोशीन?" ती म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू. कंडक्टरभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घंटीची दोरी ओढली.

मोठा दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. आम्ही दोघी उतरलो. गाडीतून कोणीतरी ओरडलं, "मावशी, तुमचं टोपलं!" मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही. तीस वर्षांत टोपलं तिने पहिल्यांदाच मागे सोडलं होतं.

रक्तदाब भयंकर वाढला होता. मला तिथल्या तिथे भरती केलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पायाची सूज वेगळी, पण तोंडावर-हातावर अचानक सूज येऊन डोकं दुखायला लागलं की क्षणभरही थांबायचं नसतं, आज घरी गेला असता तर बाळाचं आणि तुमचं दोघांचंही सांगता आलं नसतं. अभिमानाने जपलेली सगळी रजा मला त्या घटकेला कवडीमोल वाटली.

मावशी खाटेशेजारी खाली बसून होती. माझ्या घरची मंडळी अकोटहून पोहोचेपर्यंत ती हलली नाही. तेव्हा एकदाच, विचारल्याशिवाय, ती बोलली. "मायी लहानी बहीन होती. गिरजा. तिचे बी असेच डोये सुजले होते. आमी म्हनलं, झोपली जास्त. दुसऱ्या दिवशी नेलं. तथच्या नर्सबाईनं तिच्या पायाले आंगठा लावला, अन् मले म्हने, हे रोज दाबून पाहत जा लागते बाई, अन् तोंड सुजलं तं मोजतच बसाचं नाई. मले मोजाले शिकोलं तिनं. पन गिरजा तं गेल्ती." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तवापासून मी सगळ्याइलेच दाबून पाहतो. लोकं हासतात. हासू दे."

मी हसले नाही. तिचा तो चपटा अंगठा हातात घेऊन पडून राहिले.

गाडीत पुढे काय झालं ते मला नंतर तायडे सरांनी सांगितलं. गाडी पुलापर्यंत गेली. मग सर स्वतः उठले, टोपल्याजवळ गेले आणि भागाकार न करता दोन्ही हातांनी ढेमसं पिशवीत भरू लागले. मग बाकीचे उठले. टोपलं रिकामं झाल्यावर कंडक्टरभाऊंनी ते उपडं करून माझ्या जागेसमोर ठेवलं, चुंबळ नीट बसवली, आणि अकोटपर्यंत त्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही. त्या संध्याकाळी अकोटातल्या वीस-बावीस घरांत ढेमसंच शिजलं. सर म्हणाले, "मीही खाल्लं. दोनदा वाढून घेतलं." आणि त्यांनी विषय बदलला.

दोन आठवडे डॉक्टरांनी मला औषधांवर सांभाळलं आणि मग मुलगी झाली. लहानखुरी, पण खणखणीत रडणारी. मावशी तिला पाहायला आली ती टोपलं घेऊनच. दुपट्यातून इवलासा पाय बाहेर काढला, तळव्याला अंगठा हलकेच टेकवला आणि सासूबाईंना म्हणाली, "माल ताजा हाय." मग दोन्ही पायांची बोटं मोजायला बसली. "लाभ, दोन, तीन..." सासूबाई काळजीने वाकून पाहत होत्या.

"दहा आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"लाभ धरून दहा," मावशी म्हणाली. सासूबाईंनी तिच्या हाताला धरून तिला पाटावर बसवलं आणि स्वतः तिची ओटी भरली.

रजा संपवून मी परत गाडीत रुजू झाले तेव्हा थंडी होती. माझे पाय आता सडसडीत, त्यामुळे टोपलं उपडं करायचं कारण उरलं नव्हतं. उरलेली भाजी मावशी गुपचूप घरी न्यायची. बघता बघता पुन्हा उन्हाळा आला, पुन्हा ढेमसं आलं. आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की टोपलं कंडक्टरभाऊ वर घेतायत आणि मावशी दांड्याला धरून एकेक पायरी थांबत चढते आहे. शेजारी बसली तर धाप लागलेली. पायात पुरुषी मोठ्या चपला.

"या कोणाच्या चपला, मावशी?"

"बदलल्या गेल्या सकाई." तिने लुगड्याचा काठ खाली ओढला.

तीस वर्षं भाजी विकणाऱ्या बाईला खोटं बोलायला जमत नाही, याचं मला आश्चर्यच वाटलं. मी वाकले, काठ बाजूला केला. पाय माझे व्हायचे त्याच्या दुप्पट झाले होते.

"मावशी, टोपलं उपडं करा. पाय वर घ्या."

"नाई. टोपल्यात ढेमसं हाय. अन् मायंच टोपलं, त्याच्यावर माये पाय? दोन जिवाच्या बाईची गोष्ट अलग. माये लागले तं टोपलं रुसते."

"बरं," मी म्हटलं, आणि सरळ तिचे दोन्ही पाय उचलून माझ्या मांडीवर घेतले. तिची केवढी धांदल उडाली! "मॅडम! सोड! मी म्हातारी बाई, लोकं पाहून राहिले!" लोक पाहत होतेच. मी तिच्या घोट्याच्या वर अंगठा रुतवला, तिने शिकवला होता तसा.

"लाभ," मी म्हणाले.

"दोन," मागच्या बाकावरून आलं. इतक्या महिन्यांनी. "तीन"ला निम्मी गाडी होती. "चार" सगळ्यांनी म्हटलं आणि सगळे थांबले, घंटीची वाट पाहत. खड्डा तसाच होता. "पाच" म्हणताना आवाज कमी झाले. "सहा"ला तायडे सर आणि कंडक्टरभाऊ. "सात"ला सर एकटेच. आठ, नऊ आणि दहा मी एकटीने म्हटलं. अकराही झाले, आणि खड्डा अजून भरलेला नव्हता.

"बस झालं, पोरी," मावशी म्हणाली. "एवढं तं मी ढेमसं बी मोजत नाई."

कोणी काही सांगायच्या आत कंडक्टरभाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि दोरी एकदा ओढली. गाडी त्याच दवाखान्यासमोर थांबली होती.

मी मावशीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दारापाशी ती अडून बसली. "मायं टोपलं? माल हाय त्यात!"

"जा तुम्ही," तायडे सर उठून पिशवी झटकत म्हणाले. "ढेमसं आम्ही खातो."

हृदय थकलं होतं, त्याचं पाणी पायात उतरत होतं. वेळेवर कळलं, असं याही वेळी डॉक्टर म्हणाले. गोळ्या रोज, मीठ कमी, ओझं कायमचं बंद, आणि बसताना पाय वर. मावशीचा बाजार सुटला. आता तिची सून भाजी आणते, तीही प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. क्रेट उपडं केलं तर काठ टोचतात, हे मी स्वतः पाय ठेवून पाहिलं आहे.

मावशीचं घर फाट्यावरच, रस्त्याला लागून. संध्याकाळी सहाची गाडी तिथे आली की सून उतरते, आणि कंडक्टरभाऊ दुसरी घंटी मारायला थोडा उशीर लावतात. अंगणात मावशी खाटेवर बसलेली असते. समोर ते जुनं टोपलं उपडं घातलेलं, वर चुंबळ, चुंबळीवर तिचे पाय. आता ते रुसत नाही म्हणे. आम्ही सगळे त्या बाजूच्या खिडक्यांना लागतो. मावशी वाकून स्वतःच्या पायाला अंगठा लावते, तोंडाने मोजते, आणि मग हात वर करून आम्हाला बोटं दाखवते.

काल चार होती.